मामा, एम.टेक. करू का?

ऑक्टोबर छाटणीचे दिवस. पिंपळगाव बसवंतला बहिणीच्या मळ्यात मजूर काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावत होते आणि भाची ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. नाशिकमधून कॉम्प्युटरचं बी.ई. केलं, तीन वर्षं हिंजवडीत नोकरी केली, आता पुढं शिकायचं डोक्यात आहे. समोर तीन पर्याय होते: सायबर सिक्युरिटीत पूर्णवेळ एम.टेक., परदेशात डेटा सायन्समध्ये एम.एस., किंवा नोकरी सांभाळून जे जमेल ते.

"मामा, तू सांग. करू का?"

मी तोंड उघडायच्या आत दाजींनीच विचारलं, "हे एकाच विषयाचं केलं आणि त्याचा भाव पडला, तर दुसरीकडं वळता येतं का?"

पंचवीस वर्षं द्राक्ष लावणाऱ्या माणसाला हाच प्रश्न आधी सुचणार. आयटीतल्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल विचारण्यासारखा मुख्य प्रश्नही हाच आहे. त्या दुपारी तिला जे समजावलं ते जरा विस्तारानं लिहितो, कारण नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चहाच्या टेबलांवर हीच चर्चा रोज चालू असते आणि बहुतेक वेळा ती "स्कोप आहे का" या तीन शब्दांवर येऊन अडकते.

आधी लवचिकता म्हणजे काय ते बघू. माझ्या लेखी तिचा अर्थ साधा आहे. आज हातात असलेलं काम बंद पडलं, तर सहा-आठ महिन्यांत, फार पगार न गमावता, दुसऱ्या कामावर उभं राहता येणं. ही क्षमता माणसाच्या डोक्यात जितकी असते तितकीच तो कुठं राहतो यावरही अवलंबून असते. पिंपळगावात डॉक्टर म्हणून बसायचं तर सर्दीतापापासून साखरेपर्यंत सगळं बघावं लागतं. हृदयाचा डॉक्टर नाशकात चालतो. फक्त लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्याला मुंबई गाठावी लागते. बाजार जेवढा मोठा, तेवढंच बारीक काम परवडतं, हे ॲडम स्मिथनं १७७६ सालीच लिहून ठेवलंय.

आयटीतही तसंच. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यात आयटीचा माणूस म्हणून लागलात की सर्व्हरही तुम्हीच बघायचा, नेटवर्कही तुम्हीच, ईआरपीच्या, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, तक्रारीही तुमच्याकडं आणि साहेबांचा प्रिंटरही. शहरात सातपूरला ईएसडीएसचं डेटा सेंटर आहे, डब्ल्यूएनएससारखी बीपीओ कंपनी आहे, लहान-मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. पण एखाद्या बारीक विषयाच्या जाणकारासाठी पुण्यात पन्नास दारं असतील तर इथं दोन-तीन. म्हणून "पाच-सात वर्षांनी नाशिकला परत यायचंय" असं मनात असेल, तर पदवी निवडतानाच ते हिशेबात धरायला हवं. परत येण्याचे मार्ग दोनच दिसतात. एक तर हात चौफेर चालला पाहिजे, नाही तर एका विषयात इतकं नाव पाहिजे की कंपनी म्हणेल, बसा गंगापूर रोडला, तिथूनच काम करा. अर्धवट स्पेशालिस्टाची मात्र इथं पंचाईत होते.

आता दाजींच्या प्रश्नाकडं येतो. त्याचं उत्तर त्यांच्याच बागेत होतं.

नाशिक पट्ट्यात द्राक्षाचं झाड बहुतेक ठिकाणी दोन झाडांचं मिळून असतं. खाली डॉगरिजसारखा जंगली खुंट, जो क्षारपड जमीन आणि पाण्याची ओढ सोसतो. वर थॉमसनसारख्या खाण्याच्या जातीचं कलम. कमाई कलमाची, तग खुंटाची. वरच्या जातीचा भाव पडला तर खुंट उपटायची गरज नसते. वरचं कापून त्याच मुळांवर दुसऱ्या जातीचं कलम भरता येतं. एक-दोन हंगाम जातात, पण बाग जात नाही.

आयटीच्या पदवीतही हे दोन भाग असतात आणि माहितीपत्रकात ते एकमेकांत कालवून छापलेले असतात. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, अल्गोरिदम, संभाव्यता, रेषीय बीजगणित हा खुंट. अमुक कंपनीचं क्लाउड, तमुक टूल, यंदा ज्याची हवा आहे ते फ्रेमवर्क हे कलम. डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत, एडगर कॉडनं १९७० मध्ये मांडलं आणि आजही बँकांचे व्यवहार त्यावर चालतात. टीसीपी-आयपी, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, १ जानेवारी १९८३ पासून इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर सक्तीचे झाले आणि तुम्ही हा लेख त्याच्याच जोरावर वाचताय. उलट, दहा-बारा वर्षांपूर्वी 'बिग डेटा' म्हणजे हडूप हे सॉफ्टवेअर असं समीकरण होतं आणि त्यावर ढीगभर कोर्स निघाले. आज कोणी मुलाखतीत हडूपवर अडून बसत नाही.

हा चटका मलाही बसलाय. २००९ च्या सुमारास मी घसघशीत फी भरून एका कंपनीच्या एकाच उत्पादनावरचा वर्षाचा कोर्स केला. पुढं कंपनीनंच ते उत्पादन गुंडाळलं. प्रमाणपत्र कपाटात आहे, चौकट छान आहे. मात्र त्या कोर्समध्ये तोंडी लावायला म्हणून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकवलं होतं, आणि त्यानंतरची माझी सगळी पोटापाण्याची सोय त्या तोंडी लावण्यावर झाली.

याला आकड्यांचाही आधार आहे. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पदवीधरांचे पगार आणि नोकऱ्यांच्या जाहिराती तपासल्या. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उपयोजित पदव्यांची इतरांवर असलेली पगाराची आघाडी नोकरीच्या सुरुवातीला सर्वांत मोठी असते आणि पहिल्या दहा वर्षांत निम्म्याहून जास्त ओसरते, असं त्यांना आढळलं. नीट लक्षात घ्या, पगार कमी होत नाही, आघाडी कमी होते. कारण या क्षेत्रात मागितली जाणारी कौशल्यं भराभर बदलतात आणि शिकलेलं शिळं होतं. ही घसरण कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंगसारख्या उपयोजित शाखांत दिसली. गणित, भौतिकशास्त्र अशा मूळ विषयांत तशी दिसली नाही. अभ्यास तिकडचा आहे, पण खुंट टिकतो आणि कलम बदलावं लागतं हेच त्यातून दिसतं.

तेव्हा भाचीला म्हटलं, पदवीचं नाव झाक आणि विषयांची यादी काढ. पेन्सिल घे. पंधरा वर्षांनीही जे जिवंत असेल असं वाटतं त्याभोवती गोल कर.

तिनं सायबर सिक्युरिटीची यादी घेतली. क्रिप्टोग्राफीला, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याच्या शास्त्राला, गोल केला. बरोबर होतं. त्यातल्या मूळ पद्धती जुन्याच, डिफी-हेलमन १९७६ ची, आरएसए १९७७ ची, आणि क्वांटम संगणकांमुळं उद्या त्यांच्या जागी नव्या पद्धती आल्या तरी त्या समजायला खालचं गणितच लागणार. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिमची सुरक्षा, सुरक्षित प्रोग्रॅमिंग यांना गोल. मग दोन विषय असे आले की नावातच एका टूलचं नाव. तिथं तिनं स्वतःहून फुली मारली. एकूण यादीत गोल निम्म्याहून जास्त झाले. म्हणजे नाव 'स्पेशल' असलं तरी माल बराचसा मुळाचा होता. अशी पदवी घेऊन कोणी उद्या बॅकएंडकडं किंवा क्लाउडकडं वळलं तर फारसं अडत नाही.

डेटा सायन्सला हीच कसोटी लावा. २०२४ पासून एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेत 'डेटा सायन्स आणि एआय' असा स्वतंत्र पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम उघडून बघा: संभाव्यता आणि संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, मशीन लर्निंग, एआय. जवळपास सगळा खुंटच. आता याच नावाचा एखादा अभ्यासक्रम जर डॅशबोर्ड बनवण्याची दोन सॉफ्टवेअरं आणि एक 'इंडस्ट्री प्रोजेक्ट' यावर संपत असेल, तर ती पदवी नव्हे, महागडा क्लास आहे.

एक सावधगिरी उलट बाजूनंही हवी. "सगळं थोडं थोडं येतं" म्हणत दहा वर्षं काढलेले लोक स्वतःला लवचिक समजतात. नुसत्या डॉगरिजला बाजारात नेण्यासारखी द्राक्षं लागत नाहीत. काहीतरी कलम करावंच लागतं.

इथवर शिकण्याचं झालं. पदवी आणखी एक काम करते, शिक्क्याचं. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हे मांडलं आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. कंपनीला तुमच्या डोक्यात शिरून बघता येत नाही. म्हणून अवघड प्रवेश आणि अवघड परीक्षा पार केल्याचा कागद ती खूण म्हणून वापरते. आयआयटीतून एम.टेक. केलेल्याला पहिल्या मुलाखतीचं बोलावणं सहज येतं ते बरंचसं या खुणेमुळं. पण खूण तेव्हाच चालते जेव्हा ती मिळवणं अवघड आहे हे समोरच्याला माहीत असतं. ज्या कॉलेजात फी भरली की प्रवेश होतो, तिथल्या पदवीत हा भाग जवळपास शून्य धरा आणि फक्त शिकण्यापुरती किंमत लावा.

काही दारं मात्र या शिक्क्याशिवाय उघडतच नाहीत. इंजिनीअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार बी.ई.सोबत एम.ई. किंवा एम.टेक. लागतं, तेही संबंधित शाखेतलं. संशोधनाकडं जायचं असेल तर लागतं. चिप डिझाइनमध्ये व्हीएलएसआयचं, म्हणजे एका चिपवर असंख्य ट्रान्झिस्टर बसवण्याच्या तंत्राचं, एम.टेक. खरोखर वजनदार ठरतं, कारण ते काम घरच्या लॅपटॉपवर यूट्यूब बघून शिकता येत नाही. लागणारी सॉफ्टवेअरं आणि प्रयोगशाळा संस्थेतच असतात.

'संबंधित शाखेतलं' या दोन शब्दांपाशी जरा थांबा. सरकारी भरती, सार्वजनिक कंपन्या, प्राध्यापकी, सगळीकडं जाहिरातीत शाखांची नावं दिलेली असतात. पदवीवर 'कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंग' असं मूळ नाव असेल आणि स्पेशलायझेशन त्याच्या पोटात असेल, तर सहसा निभावतं. पण एखाद्या संस्थेनं काळाची हवा बघून भलतंच नवं नाव दिलं असेल, तर फॉर्म भरताना यादीत ते सापडत नाही आणि मग समकक्षतेचे दाखले गोळा करत फिरावं लागतं. करिअरची लवचिकता अशी कधी कधी प्रमाणपत्रावरच्या एका ओळीनं आखडते.

बाकी सर्वसाधारण सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत तीन-चार वर्षांनंतर अनुभवच बोलतो. सिक्युरिटीतलंच उदाहरण घ्या. सीआयएसएसपी हे त्या क्षेत्रातलं मानाचं प्रमाणपत्र. त्याला आठपैकी किमान दोन विषयांत पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. संगणकाच्या पदवीमुळं त्यातलं जास्तीत जास्त एक वर्ष माफ होतं, आणि ते बी.ई.वरच होतं. वर एम.टेक. केलं म्हणून दुसरं वर्ष माफ होत नाही. भाचीचं तोंड जरा उतरलं, पण हे आधी कळलेलं बरं.

पैशाकडं वळलो तसे दाजी खुर्ची पुढं ओढून बसले.

आकडे मानून घेतलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. हातात महिना ५०,००० पडतात. नोकरी सोडून दोन वर्षं शिकायचं म्हणजे १२ लाखांची कमाई बुडाली. फी, होस्टेल, बाकी खर्च ६ लाख धरा. झाले १८ लाख. गेटमधून प्रवेश असेल तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. २४ महिन्यांचे २,९७,६०० होतात. म्हणजे निव्वळ खर्च १५ लाखांच्या आसपास. फीचा आकडा सगळे बघतात, बुडालेला पगार कुणी धरत नाही, आणि खरा मोठा आकडा तोच असतो.

आता पदवीनंतर जास्तीचे किती मिळाले? इथं दुसरी चूक होते. "आधी पन्नास होते, आता नव्वद मिळतात, चाळीसचा फायदा" असं मोजतात. पण ती दोन वर्षं नोकरीत राहिली असती तर पगार पन्नासवरच थांबला असता का? समजा सत्तरवर गेला असता. मग पदवीचा फायदा वीस हजार, म्हणजे वर्षाला २.४ लाख. पंधरा लाख फिटायला सव्वासहा वर्षं. आणि वर सांगितलेली आघाडी तर दहा वर्षांत ओसरत जाते.

हेच नोकरी चालू ठेवून केलं तर? फी ३ लाख धरा, पगार बुडत नाही. फायदा निम्मा, महिना दहा हजार धरला तरी अडीच वर्षांत पैसे वसूल. शनिवार-रविवार मात्र गेले, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन रात्री दहाला असाइनमेंट सोडवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

परदेशी एम.एस.मध्ये आकडे मोठे आणि डाव वेगळा. २० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता साधारण २६,४०० रुपये, आणि शिकत असताना चढलेलं व्याज आणखी वेगळं. जुन्या करपद्धतीत या व्याजावर आठ वर्षं आयकरात सूट मिळते, एवढाच दिलासा. लोक म्हणतात स्पेशल पदवी माणसाला बांधून टाकते. माझ्या पाहण्यात माणसाला पदवीपेक्षा हप्ता जास्त बांधतो. हप्ता असला की लहान कंपनीत कमी पगारावर नवं काम शिकता येत नाही, सहा महिने थांबता येत नाही, नाशिकला परतता येत नाही. त्यात अमेरिकेचं गणित व्हिसावर. शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४ महिने. पुढं एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा, ज्याच्या वर्षाला ६५,००० जागा आणि तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० वेगळ्या. म्हणजे चिठ्ठीचा खेळ. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावण्याचा आदेश निघाला, तेव्हा कितीतरी मुलं तिकडं शिकत होती. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते, पण वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि नोकरीसाठी जर्मन शिकावी लागते ती वेगळीच.

दाजींनी विचारलं, "मग सरळ उडी न मारता आधी चाचपून बघायची काही सोय?"

आहे. जमीन घेताना आपण इसार देतो. थोडे पैसे टाकून हक्क राखतो, सगळी रक्कम नंतर. शिक्षणातही इसार देता येतो. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर क्रिप्टोग्राफीचा किंवा मशीन लर्निंगचा बारा आठवड्यांचा कोर्स फुकट करता येतो, फक्त परीक्षेला फी पडते. तिसऱ्या आठवड्यातच मॉड्युलर अंकगणितानं डोकं धरलं, तर दोन वर्षं आणि पंधरा लाख वाचले. उलट रात्री बाराला झोप येत नाही इतकं त्यात गुंतायला झालं, तर तेही कळलं.

मधल्या वाटाही आता बऱ्याच आहेत. बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे एम.टेक. आहेत. इग्नूचं एम.सी.ए. आहे. जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून चालू आहे; दहा विषय, खर्च सात हजार डॉलरच्या आसपास. मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या मानाव्यात, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण ते इंजिनीअरिंगला लावू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. पत्रव्यवहारानं मिळवलेली इंजिनीअरिंगची पदवी ग्राह्य धरली जात नाही. घरबसल्या एम.टेक. विकणारा कोणी भेटला तर आधी मान्यतेचं पत्र मागा.

"म्हणजे करू नको म्हणतोस," भाची म्हणाली.

तसं नव्हतं. तिला शिकवायची आवड आहे, हे त्या दुपारी चौथ्या चहाला बाहेर आलं. ऑफिसात नव्या पोरांना तीच शिकवते म्हणे. असं असेल तर एम.टेक. तिच्यासाठी चैन नाही, दाराची किल्ली आहे, आणि सगळा हिशेब पालटतो. फक्त मग सायबर सिक्युरिटी हे नाव प्रमाणपत्रावर कसं छापतात ते आधी बघायला हवं.

तिनं तिथूनच कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला आणि विचारलं, पदवीवर शाखेचं नाव नेमकं काय येतं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, असं आजवर कुणी विचारलं नाही, मी विचारून सांगते. दाजी पेस्टची बादली बघायला उठले. संध्याकाळी मी नाशिकला निघालो तोवर त्या बाईंचा फोन आला नव्हता. एनपीटीईएलची नोंदणी मात्र तिनं मळ्यातच करून टाकली होती.